कुत्रा चावून झाल्यावर लस घेऊन काय उपयोग? रेबीजचं गणित सोप्या भाषेत

रविवारी दुपारी बहिणीचा फोन, "दादा, पोराला कुत्रं चावलंय, लवकर ये." भाचा नऊ वर्षांचा, त्यांच्या गल्लीत किराणा दुकानासमोर काळू म्हणून एक कुत्रं कायम पसरलेलं असतं, साहेबांनी त्याच्या शेपटीवरून सायकल नेली, आणि त्यानं पोटरीला धरलं. दोन दात लागलेले, रक्त आलेलं. मी पोचलो तर आमच्या आईनं हळद-चुन्याची वाटी तयार ठेवलेली, शेजारच्या काकू सांगतायत की लाल तिखट दाबून भरा म्हणजे विष उतरतं, बहीण रडतेय, आणि ज्याला चावलं तो बाकी सगळं सोडून मला विचारतोय, "मामा, मी आता भुंकणार का?"

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळं घरात असं काही झालं की सगळे प्रश्न माझ्याकडं आणि निर्णय मात्र काकूंचा. पण त्या दिवशी रिक्षात बसल्यावर दाजींनी जो प्रश्न विचारला तो खरंच चांगला होता. म्हणाले, पोलिओचा डोस आधी देतात, गोवरची लस आधी देतात, मग हे चावून झाल्यावर लस देऊन काय उपयोग, व्हायरस तर गेला ना आत?

हा प्रश्न अकरावी-बारावीच्या पोरांनीही मला कधी विचारला नव्हता. आणि गंमत म्हणजे याचं उत्तर कळलं की रेबीजबद्दलच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी, म्हणजे दहा दिवस कुत्र्यावर नजर का ठेवायची, जखम साबणानं का धुवायची, माणूस पाण्याला का घाबरतो, सगळं आपोआप उलगडत जातं. सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्ट २०२५ मधल्या भटक्या कुत्र्यांच्या ऑर्डरनंतर तर व्हॉट्सअॅपवर एवढी माहिती फिरतीय की त्यातलं खरं किती आणि फोडणीचं किती तेच कळत नाही, म्हणून हा लेख.

व्हायरस रक्तातून जातच नाही

रेबीज, आपल्याकडं ज्याला कुत्रं पिसाळणं म्हणतात, त्याचा व्हायरस दिसायला बंदुकीच्या गोळीसारखा असतो. आजारी जनावराच्या लाळेत असतो आणि चावताना दातांबरोबर आपल्या मांसात जातो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. चूक इथून पुढं होते, कारण आपल्या डोक्यात सापाच्या विषाचं चित्र असतं. विष रक्तात भिनतं, म्हणून पाय करकचून बांधा, तिखट भरा, विष उतरवा. (साप चावल्यावर पण पाय करकचून बांधायचा नसतो, पण तो वेगळा विषय.)

रेबीजचा व्हायरस रक्ताच्या वाटेला जवळजवळ जातच नाही. तो जातो नर्व्हमधून, म्हणजे मज्जातंतूतून, ज्या तारांनी आपला मेंदू सगळ्या शरीराशी जोडलेला असतो त्यातून. स्नायू आणि नर्व्ह जिथं एकमेकांना भेटतात त्या सांध्याला तो चिकटतो, तिथून नर्व्हच्या आत शिरतो आणि मग मणक्याकडं आणि शेवटी मेंदूकडं चालायला लागतो.

चालायला म्हणजे अक्षरशः चालायला. आपण खिळ्यावर पाय दिला तर ती खबर मेंदूपर्यंत डोळ्याची पापणी लवायच्या आत जाते. त्याच तारेनं जाणारा हा व्हायरस मात्र दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर एवढंच पुढं सरकतो. फोनवरचं बोलणं सेकंदात पोचतं, पण त्याच तारेखालून चालत निघालेला लाइनमन पुढच्या गावाला दुपारी पोचतो, तसं आहे ते. नर्व्हच्या आत सामान इकडून तिकडं नेणारी एक हमालांची यंत्रणा असते, पेशीची स्वतःची, आणि व्हायरस त्याच हमालांच्या डोक्यावर बसून फुकट जातो.

वॉचमन दारात, उंदीर पाइपातून

आता दाजींनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, की एवढा हळू जातो तर आपलं शरीर त्याला पकडत का नाही.

सोसायटीचं उदाहरण घ्या. गेटवर वॉचमन आहे, चांगला जागा असणारा वॉचमन आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत नोंद करतो. पण उंदीर गेटमधून येतच नाही, तो ड्रेनेजच्या पाइपातून थेट चौथ्या मजल्यावरच्या किचनमध्ये निघतो. वॉचमनची चूक काय? त्याला तो दिसलाच नाही. आपली इम्युनिटी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, मुख्यतः रक्तात आणि रक्ताच्या आसपास गस्त घालतात. रेबीजचा व्हायरस मोजक्या संख्येनं येतो, जखमेपाशी फारसा गोंधळ घालत नाही आणि नर्व्हच्या पाइपात शिरून गायब होतो. त्यामुळं बऱ्याच पेशंटच्या रक्तात लक्षणं सुरू झाली तरी अँटीबॉडी सापडत नाहीत. अँटीबॉडी म्हणजे आपल्या शरीरानं एकेका जंतूला ओळखून त्याच्यासाठी खास बनवलेली बेडी. इथं चोर आलाय हेच माहीत नाही तर बेडी कोण बनवणार.

लस नेमकं हेच काम करते. लशीत मेलेला व्हायरस असतो. तो दंडात टोचला की वॉचमनच्या हातात चोराचा फोटो येतो, "हा बघ, असा दिसतो, पाइपाच्या तोंडापाशी थांब आणि दिसला की धर." फोटो मिळाल्यापासून पुरेशा बेड्या तयार व्हायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. आणि व्हायरसला मेंदूपर्यंत पोचायला? बहुतेक वेळा एक ते तीन महिने. क्वचित आठवड्याभरात, क्वचित वर्ष उलटून गेल्यावर.

झालं की दाजींचं उत्तर. गोवराच्या बाबतीत जंतू इतक्या वेगानं पसरतो की आधीच तयारीत राहावं लागतं, इथं व्हायरस पायी निघालाय आणि आपल्याला मागून एसटी पकडून त्याच्या आधी पोचता येतं. फक्त एसटी सुटायच्या आत स्टँडवर गेलं पाहिजे.

यावरून हेही लक्षात येईल की चेहऱ्यावर, मानेवर, हाताच्या बोटांवर चावलं तर जास्त धोका का. चेहऱ्यापासून मेंदू हाकेच्या अंतरावर, आणि बोटांत नर्व्हचं जाळं दाट. लहान मुलं बुटकी असतात, कुत्र्याचं तोंड थेट त्यांच्या गालाशी येतं, म्हणून त्यांच्या बाबतीत आजचं उद्यावर अजिबात ढकलू नये.

सगळ्यात स्वस्त औषध नळाखाली आहे

हळद-चुन्याची वाटी मी बाजूला ठेवली, आई थोडी रागावली, पण भाच्याला मोरीत नेऊन पोटरी नळाखाली धरली आणि कपडे धुवायची वडी लावून पंधरा मिनिटं धुतली. पंधरा म्हणजे मोबाइलवर टायमर लावून पंधरा, कारण दोन मिनिटं झाली की माणसाला वाटतं झालं आता. पोरगं ओरडत होतं, ओरडू दे.

साबणच का? या व्हायरसवर चरबीचं आवरण असतं, कोरोनासारखंच, आणि खरकट्या कढईचं तेल जसं साबणानं सुटतं तसं ते आवरण साबणानं फाटतं. आवरण गेलं की व्हायरस बाद. शिवाय वाहत्या पाण्यानं लाळ निघून जाते. व्हायरस अजून जखमेपाशी बसलाय, पाइपात शिरला नाही, तेवढ्यातच त्याला गाठायचं. नंतर स्पिरिट किंवा आयोडीनवालं औषध लावलं की झालं.

आणि तिखट, चुना, तंबाखू, कॉफी पावडर भरली की काय होतं? मांस आणखी दुखावतं आणि नर्व्हची टोकं उघडी पडतात, म्हणजे पाइपाचं झाकण आपणच काढून ठेवलं. टाके पण शक्यतो लगेच घालत नाहीत ते याचसाठी. काकूंना हे पटलं नाही, त्यांच्या चुलत सासऱ्यांना तिखटानं गुण आला होता म्हणे. आला असेल, कारण चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतंच, बहुतेक नसतात. ज्या कुत्र्याला रेबीज नव्हता त्याच्या चाव्यावर तुम्ही श्रीखंड लावलं तरी गुण येणार.

पोटात चौदा इंजेक्शनं कुठं गेली

आमच्या पिढीला कुत्र्यापेक्षा त्या चौदा इंजेक्शनांची भीती जास्त होती. ती अफवा नव्हती. डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये हिमाचलातल्या कसौलीला एक लस बनवली, मेंढीच्या मेंदूत व्हायरस वाढवायचा आणि कार्बोलिक अॅसिडनं मारायचा. लस कमजोर, म्हणून रोज भरपूर मात्रा द्यावी लागायची, आणि एवढं औषध मावायला पोटाच्या कातडीखालची जागा सोयीची. त्यात मेंढीच्या मेंदूचे अंश असल्यामुळं काही लोकांना लशीमुळंच लकवा वगैरे त्रास व्हायचा. गरिबाला तीच परवडायची म्हणून आपल्या देशात ती २००४ च्या शेवटापर्यंत बनत होती, शंभर वर्षं होत आली तरी. मला हे वाचून राग आला होता, कारण चांगल्या लशी तोपर्यंत कधीच्या आलेल्या होत्या.

आताची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बनते, मेंदूबिंदू काही नाही. दोन पद्धती आहेत. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीच्या आतल्या थरात देतात, दोन्ही दंडांवर एकेक बारीक टोचणी, ०.१ मिलीची, चार वेळा यायचं: ०, ३, ७ आणि २८. प्रायव्हेटमध्ये बऱ्याचदा स्नायूत देतात, पाच वेळा: ०, ३, ७, १४, २८. शून्य म्हणजे पहिली सुई टोचली तो दिवस, कुत्रा चावला तो दिवस नव्हे, यावरून आमच्या घरी अर्धा तास वाद झाला. "एवढुसा थेंब दिला, सरकारी म्हणून पाणी घालून देतात" असं लोक म्हणतात ते चूक आहे, कातडीत पहारेकरी पेशी खच्चून भरलेल्या असतात, तिथं थेंबभरही फोटो सगळ्यांना दिसतो.

स्नायूतलं इंजेक्शन दंडात देतात, छोट्या बाळांना मांडीत. कुल्ल्यावर घ्यायचं नाही, तिथं चरबी जास्त, लस तिथंच अडकून पडते.

आणखी एक, हे फार होतं म्हणून लिहितो. दवाखान्यात जाऊन "इंजेक्शन घेतलं" म्हणून लोक घरी येतात आणि ते असतं टीटीचं, म्हणजे धनुर्वाताचं. ते पण लागतं, पण त्याचा रेबीजशी काही संबंध नाही. केसपेपरवर लशीचं नाव आणि पुढच्या तारखा आहेत का तेवढं बघूनच उठायचं.

लस दिली, मग हे सिरम काय असतं

आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथं लस होती पण सिरम संपलेलं. "बाहेरून आणा" असं चिठ्ठीवर लिहून दिलं, रविवार, तीन मेडिकल फिरलो, चौथ्या ठिकाणी मिळालं.

वर म्हटलं तसं लशीनं बेड्या तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्या दिवसांत व्हायरस पाइपात शिरला तर? म्हणून रक्त आलेली जखम असेल तर तयार अँटीबॉडी आणून थेट जखमेच्या आत आणि आजूबाजूला टोचतात. याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, बोलताना सगळे सिरमच म्हणतात. वॉचमनचं ट्रेनिंग होईपर्यंत बाहेरून भाड्यानं बाउन्सर आणून पाइपाच्या तोंडाशी उभे केले, असं समजा. घोड्याच्या रक्तापासून बनलेलं मिळतं, माणसाच्या रक्तापासून बनलेलं मिळतं, ते महाग असतं, आणि आता प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटीबॉडी पण आल्यात, त्यातली एक आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची आहे. डोस वजनावर ठरतो. बाउन्सर काही आठवड्यांत निघून जातात, कायमची राखण लशीनंच होते, त्यामुळं सिरम घेतलं म्हणून लस सोडायची नाही. आणि पहिल्या दिवशी सिरम राहून गेलं तर लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच घेता येतं, कारण त्यानंतर वॉचमन स्वतः कामाला लागलेला असतो.

कधी काय लागतं याचा ढोबळ हिशेब असा: कुत्र्याला हात लावला, खायला घातलं, धडधाकट कातडीवर त्यानं चाटलं, तर काहीच नाही, हात धुवा. दात घासले गेले, ओरखडा आला पण रक्त नाही, तर लस. रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर लस आणि सिरम दोन्ही.

"पण अमक्यानं लस घेतली होती तरी गेला"

केरळात अशा काही केसेस गाजल्या, लहान मुलं होती, लस सुरू झालेली होती आणि तरी वाचली नाहीत. लोकांनी लगेच निष्कर्ष काढला की लसच बोगस. पण वरचं गणित आठवा. डोक्याला किंवा चेहऱ्याला खोल चावा, दात थेट नर्व्हवर, म्हणजे व्हायरस पहिल्याच तासाला पाइपात. अशा वेळी लशीला लागणारे दिवस परवडत नाहीत, तिथं लगेच धुणं आणि प्रत्येक जखमेत सिरम जाणं यावर सगळं असतं, आणि त्यात काही राहिलं की घात होतो. सगळं वेळेवर आणि नीट करूनही गेलेली माणसं जगभरात अत्यंत कमी आहेत.

उलट काहीच न करता गेलेली माणसं ढीगभर. उत्तर प्रदेशातल्या एका तरुण कबड्डीपटूची २०२५ मधली बातमी आठवत असेल. गटारात पडलेल्या पिल्लाला बाहेर काढताना ते बोटाला चावलं, एवढंसं पिल्लू, एवढीशी जखम, त्यानं मनावर घेतलं नाही आणि काही आठवड्यांनी तो गेला. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२२-२३ च्या पाहणीवरून अंदाज काढलाय की देशात वर्षाला ९१ लाखांच्या आसपास लोकांना जनावरं चावतात, त्यात कुत्रीच जास्त, आणि रेबीजनं साधारण ५,७०० माणसं जातात. आधीचे अंदाज १८ ते २० हजारांचे होते, म्हणजे कमी झालंय. पण त्याच पाहणीत कुत्रा चावलेल्या दर पाच जणांमागे एकानं लसच घेतलेली नव्हती. आणि जे घेतात त्यातले कितीतरी दोन डोसनंतर "बरं वाटतंय की" म्हणून गायब होतात. अरे बाबा, बरं तर वाटणारच, तो पाइपात चालत असताना काही दुखतच नाही.

माणूस खरंच पाण्याला घाबरतो का, आणि भुंकतो का

पाण्याला घाबरतो हे खरं आहे, पण भूताला घाबरावं तसं नाही. व्हायरस मेंदूच्या बुडाशी पोचतो, तिथं गिळणं आणि श्वास यांची कंट्रोल रूम असते. ती बिघडली की घोट घ्यायला गेलं की घशाचे आणि छातीचे स्नायू एकदम आवळले जातात, भयंकर दुखतं, गुदमरल्यासारखं होतं. असं दोन-तीनदा झालं की ग्लास दिसला, नुसता पाण्याचा आवाज आला तरी शरीर आवळतं. पंख्याच्या वाऱ्यानंही होतं. तहान लागलेली असते आणि पिता येत नाही. आणि यात व्हायरसचा फायदा बघा, लाळ गिळली जात नाही, धुतली जात नाही, तोंडातच साचते, आणि पुढच्याला चावायला लाळच लागते. त्यानं ठरवून केलं नाही, पण जमून आलंय खरं.

भुंकणं मात्र नाही. घशाचे स्नायू निकामी झाल्यामुळं आवाज घोगरा आणि तुटका येतो, त्याला लोकांनी भुंकणं म्हटलं. भाच्याला हे सांगितल्यावर तो जरा निराशच झाला असं मला वाटलं.

कुत्र्यांचं आणखी एक. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे फेस येणारं, धावत सुटलेलं, जो दिसेल त्याला चावणारं, असं आपल्याला वाटतं. ते असतंच, पण दुसरा प्रकार गुपचूप असतो. कुत्रं कोपऱ्यात जाऊन बसतं, खाल्लं-प्यायलं जात नाही, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय, आणि प्रेमानं तोंडात हात घालून हाड शोधतात. असं कधीच करू नका, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. माणसांतही साधारण पाचातल्या एकाला असा लकव्यासारखा प्रकार होतो, त्यात पाण्याची भीती दिसेलच असं नाही.

कुत्र्यावर दहा दिवस नजर, दहाच का?

व्हायरस कुत्र्याच्या शरीरातही तसाच चालत मेंदूत जातो, आणि मेंदूत पोचल्यावर तिथून पुन्हा नर्व्हमधून बाहेर निघून लाळेच्या ग्रंथीत येतो. म्हणजे लाळेत व्हायरस असेल तर त्या कुत्र्याचा मेंदू आधीच गेलेला असतो आणि ते काही दिवसांचंच सोबती असतं. ज्या दिवशी चावलं त्या दिवशी लाळेत व्हायरस असता, तर दहा दिवसांत ते आजारी पडून मेलंच असतं. अकराव्या दिवशी ते बिस्कीट मागत शेपूट हलवत असेल, तर त्या दिवशीच्या चाव्यात रेबीज नव्हता. किती सुंदर लॉजिक आहे, मशीन नको, लॅब नको, फक्त कुत्रं ओळखीचं हवं.

पण लस थांबवून दहा दिवस वाट बघायची नाही, लस पहिल्याच दिवशी सुरू करायची आणि नजर सोबत ठेवायची. पुढचे डोस बदलायचे का ते डॉक्टर ठरवतील. हा नियम कुत्रा आणि मांजर यांच्यापुरताच, माकडाला किंवा कोल्ह्याला लागू नाही. आणि म्हणूनच चावणाऱ्या कुत्र्याला लोकांनी लगेच दगड घालून मारलं की माझं डोकं फिरतं, कारण त्यानं हा एकुलता एक पुरावा जातो. चावलेल्या दिवशी माणसाचं रक्त तपासून काही कळतं का, असंही विचारतात. नाही कळत, व्हायरस रक्तात नाहीच तर रक्तात काय दिसणार.

बाकीचे फुटकळ प्रश्न

पाळीव कुत्र्याला लस दिलीय: चांगलंय, धोका खूप कमी, पण त्या भरवशावर आपली लस टाळू नका, त्याची लस वेळेवर झाली होती का, लागू पडली का, कोणी तपासलेलं नसतं. मांजर, माकड, मुंगूस, गाय, म्हैस: रेबीज सगळ्या सस्तन प्राण्यांना होऊ शकतो. पाल, साप, कोंबडी यांना नाही. घरातला उंदीर, घूस, खार यांच्यामुळं सहसा लस लागत नाही, तरी डॉक्टरांना विचारा.

म्हशीला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि तिचं दूध अख्ख्या गावानं लग्नात प्यायलं, मग लशीसाठी दवाखान्यात रांग, अशा बातम्या येत असतात. उकळलेल्या दुधात व्हायरस टिकत नाही, आणि दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याची सिद्ध झालेली केस नाही. कच्चं दूध असेल तर डॉक्टरांशी बोला, पण घाबरून रात्रभर जागायची गरज नाही.

गरोदर बाईनं लस घ्यावी का? हो, बिनदिक्कत. पथ्य काय? काही नाही. अंडी, बेसन, वांगी सगळं चालतं. आधी पूर्ण कोर्स झालाय आणि परत चावलं? मग वॉचमनकडं फोटो आहेच, फक्त आठवण करून द्यायची, ० आणि ३ असे दोन डोस, सिरम लागत नाही.

एवढं सायन्स पुढं गेलं, मग लक्षणं दिसल्यावर का वाचवता येत नाही

कारण लक्षण दिसतं म्हणजेच पाहुणा घरात पोचलेला असतो. मेंदूभोवती आपलीच एक कडक गाळणी असते, रक्तातल्या नको त्या गोष्टी आत जाऊ नयेत म्हणून, आणि तीच गाळणी आता औषधं आणि अँटीबॉडी पण बाहेर अडवते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वटवाघूळ चावलेली १५ वर्षांची एक मुलगी लस न घेता वाचली. डॉक्टरांनी तिला औषधांनी कोमात ठेवलं, तेवढ्या वेळात तिच्या शरीरानं लढाई जिंकली. जगभर गाजलं, मग तीच पद्धत बऱ्याच पेशंटवर करून बघितली आणि जवळजवळ सगळीकडं अपयश आलं. त्यामुळं लक्षणांनंतरचं उत्तर आजही शंभरातल्या शंभरांना जवळजवळ एकच आहे.

लुई पाश्चरनं ६ जुलै १८८५ ला ज्या पोराला पहिली लस दिली, तोही नऊच वर्षांचा होता, जोसेफ मेस्टर नाव, पिसाळलेल्या कुत्र्यानं बऱ्याच ठिकाणी चावलेलं. तेव्हा व्हायरस म्हणजे काय हेच कोणाला माहीत नव्हतं. सशाच्या मणक्यातली दोरी, म्हणजे मज्जारज्जू, वाळवून त्याचं औषध केलं, त्याला पुरेसा वेळ मिळाला आणि पोरगं वाचलं. म्हणजे व्हायरस दिसायच्या आधी माणसानं त्याचा हळूपणा ओळखला होता.

मग कुत्र्यांचं काय करायचं

यावर दोन्ही बाजूंनी शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं, आणि २२ ऑगस्टला ते बदलून नसबंदी आणि लस करून जिथून आणली तिथं सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडू नका, असं सांगितलं. चावण्याचा त्रास आणि रेबीज हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते कालवतात. चावे कमी करायला संख्या आवरायला पाहिजे, तिथं नसबंदी. रेबीज संपवायला मात्र कुत्र्यांना लस, आणि तीही सगळ्यांना लागत नाही, एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना दिली की व्हायरसला पुढचं कुत्रं सापडेनासं होतं आणि साखळी तुटते.

हे पुस्तकी नाही, शेजारी गोव्यात केलंय. सरकार आणि मिशन रेबीज नावाची संस्था यांनी २०१४ पासून जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्री धरून लसी दिल्या, शाळांमध्ये मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर द्यायला हेल्पलाइन ठेवली, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. मेक्सिकोनं तर कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीज देशातून घालवला, २०१९ ला जागतिक आरोग्य संघटनेनं तसं सर्टिफिकेट दिलं. कानाला कट दिसला की कुत्र्याची नसबंदी झालीय असं समजायचं, तेव्हा लसही दिलेली असते, पण ती लस दरवर्षी लागते आणि कट मात्र जन्मभर राहतो. हा छोटासा घोळ आपल्या बऱ्याच शहरांत तसाच पडून आहे.

काळूच्या कानाला कट आहे. लस कधीची ते दुकानदारालाही माहीत नाही. दहा दिवस भाचा रोज शाळेतून आल्यावर लांबून त्याला बघून यायचा आणि कॅलेंडरवर फुली मारायचा, आठव्या दिवशी काळू दिसला नाही तेव्हा बहिणीनं मला ऑफ पिरियडला फोन केला, तर तो मागच्या गल्लीत मटणवाल्याकडं मुक्कामाला होता. अकराव्या दिवशी दुकानदारानं त्याला पार्ले-जी टाकलं आणि भाच्यानं घरी येऊन रिपोर्ट दिला, "मामा, खाल्लं, आणि पाणी पण प्यायलं." डॉक्टर म्हणाले कोर्स पूर्णच करू या. अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई पुढच्या रविवारी आहे.